बीबी कोणत्या चुलीची

खंडाळा
१७ मे २०२६

प्रिय नसीम,

पत्र बघून कोण गेलं या काळजीत पडू नकोस. सगळे जागच्या जागी आहेत. फोनच करणार होते, पण फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते, हा हॉस्टेलपासूनचा तीस वर्षांचा अनुभव. कागदावर निदान पान संपेपर्यंत तरी तुला मला मधे तोडता येत नाही.

मला जनगणनेचं काम लागलंय. मे महिन्यात शिक्षिका घरी बसलेली कोणालाच बघवत नाही. पहिला टप्पा घरांचा: भिंत कशाची, छप्पर कशाचं, पाणी कुठून येतं, स्वयंपाक कशावर होतो, माणसं किती. माझ्या वाट्याला खंडाळ्याचा घाटाकडचा भाग आलाय, म्हणजे बंगलेच बंगले. आतापर्यंत एकतीस नोंदवले, त्यातले एकोणतीस कुलूपबंद. अकरा खोल्या, पाच न्हाणीघरं, पोहायचा तलाव आणि माणसं शून्य. एका तलावात माकड डुंबत होतं. बंगल्याचा पुरेपूर उपभोग घेणारं ते एकटंच, पण त्याच्यासाठी नोंदणीच्या ॲपमध्ये रकाना नाही.

आणि अशाच एका बंगल्याच्या मागे, नोकरांच्या जुन्या खोल्यांत, सहा घरं माणसांनी गच्च भरलेली. एका दारावर पाटी होती: ‘सालेह बिन अवद चाऊस, टुरिस्ट टॅक्सी’. चाऊस वाचलं आणि मला हॉस्टेलचा पहिला दिवस आठवला. तू सांगितलंस की आमचे खापरपणजोबा अरबस्तानातून, हद्रमौतहून, निजामाच्या फौजेत आले. आणि मी मावळातली शहाणी विचारते, मग उंट कुठे बांधलाय. आठ दिवस बोलली नव्हतीस.

आत एक म्हातारी होती, तिला तुझं नाव सांगितलं तर ती निघाली तुझी सख्खी मावशी, तुझी खाला. सगळे तिला बीबी म्हणतात. साठ वर्षं खंडाळ्यात काढलीत, नवरा बंगल्याचा राखणदार होता. माझ्या आजीपेक्षा अस्सल मावळी बोलते. चहा दिला, वर नानकटाई दिली, आणि उत्तर एकही दिलं नाही.

“सहाबी घरांचं मीच बोलनार,” म्हणाली, “आन् मी काय बोलनार न्हाई.”

“का हो बीबी?”

“आज नाव इचारशील. उद्या कागद मागशील. परवा म्हनशील, कागदात चूक हाय, तुमी हितले कशावरनं.”

मी म्हटलं, कागद मागतच नाही आम्ही, तुम्ही सांगाल ते लिहितो. तर म्हणे, “आज न्हाई मागत.” मी दुसरी नानकटाई घेतली.

ती तुझं ऐकते असं दोन्ही सुनांनी दाराआडून सांगितलं. तेव्हा बाई, लिही तिला. १४ जूनला माझं काम संपतं. तोवर ती बोलली नाही तर ती भरली घरं सरकारी हिशेबी पुढच्या बंगल्यासारखीच, शून्य.

तुझी,
शालन

परभणी
२१ मे २०२६

शालन,

माकडाची चौकशी सविस्तर, आणि मी इथं पंचेचाळीस डिग्रीत भाजतेय तर माझी एका ओळीनं नाही. असो. काम झालं समज.

खालाला दोन पानं लिहिली, आजच टाकली. मी काही तुझ्यासारखी ‘राष्ट्रीय कर्तव्य’ वगैरे लिहिणारी नाही. (लिहिलं असशील तू. नाही म्हणू नकोस.) मी लिहिलं, खाला, आपल्या लोकांची ही जुनी खोड आहे. दीडशे वर्षं झाली येऊन, तरी सरकारी माणूस दिसला की आपण दार लोटतो आणि मग ओरडतो की आम्हाला कोणी धरत नाही. अगं, धरायला आधी दिसावं लागतं. येत्या फेब्रुवारीत दुसरा टप्पा आहे, तेव्हा जात विचारतील. तेव्हा खणखणीत आवाजात चाऊस म्हण. गप्प बसलीस तर आपण ‘इतर’च्या टोपलीत, आणि त्या टोपलीचा तळ कोणी बघत नाही.

आणि शेवटी माझा हुकमी एक्का. लिहिलं, तू उगाच घाबरतेस, या लोकांचा विचार तर आपल्यासारखाच आहे. त्यांच्या पुस्तकात कुटुंब म्हणजे रक्त नाही, आडनाव नाही. नेहमी एका छपराखाली राहणारी आणि एका चुलीवरचं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. एका तबकाभोवती बसून, एकाच तबकातून जेवणाऱ्या चाऊस लोकांना हे कोणी शिकवायचं?

वाचून मलाच भरून आलं. आता जा आणि बिनधास्त लिहून घे. सालेहभाई, उमरभाई दोघांना सलाम सांग. मजेत असतील दोघं.

नसीमा

खंडाळा
२९ मे २०२६

प्रिय नसीम,

तुझं पत्र पोचलं. त्याचा परिणाम असा की आधी बीबी बोलत नव्हती आणि आता मला बोलू देत नाही.

क्रमाने सांगते. काल बकरी ईद होती. मी मुद्दाम संध्याकाळी गेले, म्हटलं आज मनं मोकळी असतील. बसते न बसते तोच थोरल्या सुनेनं डबा आणून दिला. मी आभार मानतेय तेवढ्यात धाकटीनं डबा आणला. आणि मग बीबी स्वतः उठली, कोपऱ्यातल्या आपल्या एका बर्नरच्या एकशेगडीवरून काढून तिसरा डबा माझ्यापुढे ठेवला. एक अंगण, एक फणस, एक नळ, आणि ईदचं मटण तीन ठिकाणी शिजलेलं.

तू लिहितेस, मजेत असतील दोघं. अगं, तुझे हे दोन मावसभाऊ वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. तुला हे ठाऊक नाही? गेल्या वर्षी तिकडे परभणीत उमरभाईच्या मुलीचं लग्न झालं, त्यात तूही होतीस. त्या लग्नात तबकं मांडायच्या ऐवजी बुफे ठेवला. सालेहभाई, घरातला थोरला, ज्यानं तबकाशी बसून सगळ्यांच्या पुढ्यात पहिला घास सरकवायचा, त्याच्या हातात कोणीतरी प्लेट दिली आणि म्हणालं, चाचा, लाइनमध्ये या. तो उपाशी उठला, गाडी काढली आणि थेट खंडाळा गाठला. तेव्हापासून दोन चुली. उमरभाई उर्शाच्या टोलनाक्याजवळ ड्रायव्हर लोकांची खाणावळ चालवतो, अख्खा हायवे त्याच्या हातचं जेवतो, एकटा सख्खा भाऊ सोडून.

आणि बीबी? ती कोणाकडेच जेवत नाही. एकाकडे बसली तर दुसरा म्हणेल आई तिकडे गेली. म्हणून तिनं आपली एकशेगडी मांडलीय. सात माणसं त्या दारात, पाच या दारात, मधे ती.

आता वाच तुझा हुकमी एक्का. तिनं तुझं पत्र माझ्यापुढे धरलं, त्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे खरं हाय? एक चूल, एक घर?”

“खरं आहे, बीबी.”

“मंग सालेहचं एक घर. उमरचं दुसरं.”

“हो.”

“आन् मी कोन्त्या चुलीची?”

मी डब्यांची झाकणं घट्ट करायला लागले. ती म्हणाली, “एकटी लिवनार तू मला. दोन ल्योक, दोन सुना, भरलेलं अंगन, आन् सरकारच्या दफ्तरात मरियमबी एकटी. माझी मी चूल मांडली ती मनानं. तू लिवलं की पक्कं झालं.”

तिनं अंगणात जाहीर केलंय, ज्या दिवशी हितं एक चूल पेटेल त्या दिवशी बाईनं यावं, तोवर कोणत्याच दारात काही सांगायचं नाही. उरलेली चार घरं पुतण्या-भाच्यांची, ती बीबीच्या शब्दाबाहेर नाहीत. म्हणजे कागदाची भीती तू घालवलीस आणि त्या जागी कागदावरचा विश्वास भरलास. आता तिला इतका विश्वास बसलाय की मी लिहिलेलं कोणी खोडू शकत नाही असं ती धरून चाललीय.

तीन डब्यांतलं मटण मी कालपासून खातेय. चव एकच आहे गं, तिन्हीत.

शालन

परभणी
२ जून २०२६

शालन,

तू इतकी वर्षं शिकवलंस आणि अजून तुला एवढं सुचत नाही? सरळ एक कुटुंब लिही. माणसं तेरा, चूल एक, आणि मोकळी हो. कोण बघायला येतंय? त्या कुलूपबंद बंगल्यांत शून्य लिहिताना तू दोनदा विचार केला नाहीस, इथं एका म्हातारीच्या समाधानासाठी तिनाचा एक करायला काय जातं?

बुफेचं काय घेऊन बसलीस. लग्न म्हटलं की रुसवेफुगवे असायचेच. होईल आपोआप नीट. मला शाळेची कामं आहेत.

नसीमा

खंडाळा
५ जून २०२६

नसीम,

दहा ओळींचं पत्र? तुझं? हॉस्टेलात तू दहा ओळींची चिठ्ठी एकदाच लिहिली होतीस, माझी छत्री हरवलीस तेव्हा. काहीतरी लपवायचं असलं की तुझी वाक्यं तोकडी होतात.

तिनाचा एक मी करणार नाही. तुला हे हट्टी वाटेल, पण ऐक. माझ्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला. एकसष्टच्या मोजणीत आमच्या वस्तीत आलेल्या माणसानं धर्माच्या रकान्यात सवयीनं जुनंच काहीतरी लिहिलं. आजोबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी त्याला म्हटलं, काय लिहिलंत ते मोठ्यानं वाचा. त्यानं वाचलं. मग आजोबांनी त्याला खाट दिली, पाणी दिलं, दुपारी भाकरी दिली आणि संध्याकाळपर्यंत उठू दिलं नाही. तो शेवटी बौद्ध लिहून, परत मोठ्यानं वाचून दाखवून गेला. आमच्या घरात लग्नाच्या गोष्टी सांगत नाहीत, ही सांगतात. तर ज्या घरात एका खऱ्या शब्दासाठी माणूस दिवसभर बसवून ठेवला, त्या घरातली मी बाई बीबीला बरं वाटावं म्हणून खोटं लिहू?

आणि गंमत म्हणजे बीबीलाही ते नको आहे. तुझी युक्ती मी तिला सांगून पाहिली. तिनं मला असं बघितलं की मी नानकटाई खाली ठेवली. मग म्हणाली, घे कागद, नसीमाला लिव. तेव्हा हे पुढचं तिचं, मी फक्त हात:

‘नसीमा, तुला दुवा. तू खोटं लिवायला सांगितलं ते मला आवडलं न्हाई. सरकारला फसवून एक चूल लिवली तर लिवल्यावर मी जेवू कुटं? कागदावर? सालेहला मी इचारलं, तो म्हनतो उमरनं माझा अपमान केला. उमरला इचारलं, तो खाली बघतो आन् म्हनतो, झालं ते झालं. त्याच्या पोटात कायतरी हाय, ते तो ओकत न्हाई. तू लगनात पुढं पुढं करत होतीस, तुला ठावं असंल तर लिव. ही बाई चांगली हाय पर लय प्रश्न इचारते.’

शेवटच्या वाक्याला मी हरकत घेतली. तिनं ते कायम ठेवलं.

आता माझा एक प्रश्न, तो ॲपमधला नाही. उमरभाईच्या खाणावळीत मी परवा मुद्दाम जेवून आले. ट्रकवाल्याला घाई असली तरी तो त्याला बसवतो, पाणी देतो, मग वाढतो. अशा माणसाला स्वतःच्या लेकीच्या लग्नात लोकांना उभ्यानं जेवू घालायची बुद्धी होईल? त्याला ती दिली कोणी?

नऊ दिवस राहिलेत.

शालन

परभणी
८ जून २०२६

शालन,

छत्री मीच हरवली होती. आणि बुफेही माझाच.

सकाळपासून हे पत्र लिहून फाडतेय. आता ऐक. लग्नाला आमच्या शाळेचा सगळा स्टाफ येणार होता, तालुक्याचे साहेब येणार होते. मला वाटलं, जमिनीवर तबक मांडून आठ-आठ जण एकाच ताटात हात घालताना हे लोक बघतील आणि सोमवारी स्टाफरूममध्ये बोलतील. पंचवीस वर्षं त्या स्टाफरूममध्ये मी ‘तुमच्यात असं असतं ना’ ऐकतेय. म्हणून उमरभाईला म्हटलं, आता कोण तबकात जेवतं, प्लेटा ठेव. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, माझ्या इज्जतीचा प्रश्न आहे. माझ्यासाठी त्यानं ऐकलं, आणि सालेहभाई गेल्यावर एका शब्दानं माझं नाव घेतलं नाही. वर्षभर घेतलं नाही. मीही घेऊ दिलं नाही.

साहेब आले नाहीत. स्टाफमधल्या देशपांडेबाईंनी जेवताना विचारलं, ते तुमचं मोठं तबक म्हणतात ते कुठंय, आम्ही त्यासाठीच आलो होतो.

मी खालाला लिहिलं, आपल्या लोकांनी लपू नये, खणखणीत चाऊस म्हणावं. लिहिणारी कोण, तर तबक लपवणारी.

सोबत दुसरा कागद आहे. तो अंगणात मोठ्यानं वाच, दोन्ही भावांसमोर. तुझ्या आजोबांच्या पद्धतीनं. मी आले असते, पण सालेहभाईसमोर उभं राहायची हिंमत होत नाही. पत्रात आहे तेवढीच.

नसीमा

खंडाळा
१४ जून २०२६

प्रिय नसीम,

आज माझं काम संपलं. सावकाश वाच, चष्मा लाव.

तुझा कागद अकरा तारखेला मिळाला. त्याच दुपारी गेले. बीबीनं दोघांना बोलावून घेतलं. सालेहभाई टॅक्सीतून उतरून आले ते दारातच उभे, उमरभाई हातात झारा घेऊनच आलेले. सगळी सहा घरं फणसाखाली. मी वाचलं. साहेबांचं, स्टाफरूमचं, देशपांडेबाईंचं, एक ओळ न गाळता. वर्गात धडाही मी कधी इतका सावकाश वाचला नाही.

वाचून झालं. उमरभाई झाऱ्याकडे बघत होते. सालेहभाईंनी टॅक्सीची किल्ली खिशात टाकली. मग म्हणाले,

“म्हंजे वरीसभर मी चुकीच्या मानसाशी बोललो न्हाई?”

बीबी म्हणाली, “व्हय.”

“आन् हा गाढव गप बसला?”

“तुजा भाऊ हाय. तू तरी कुटं इचारलंस?”

सालेहभाई अंगण ओलांडून गेले आणि उमरभाईच्या हातातला झारा काढून घेतला. मला वाटलं आता मारतात. तर म्हणे, “आज काय शिजवलंय?” उमरभाई म्हणाले, “वरण-भात.” सालेहभाई म्हणाले, “वरीसभरानं जेवायला येतोय आन् वरण-भात?” आणि मग उमरभाई जे हसायला लागले ते रडल्यावरच थांबले. वरण-भातच जेवले सगळे, तबकात. तेरा माणसं दोन तबकांत. पण बीबीनं दोन्ही तबकं एकमेकांना टेकवून ठेवली होती, मधून बोट जाणार नाही अशी.

मी तिथंच लिहून घेईन असं सगळ्यांना वाटलं. मी म्हटलं, नाही, पुस्तकात ‘नेहमी’ असा शब्द आहे. एक जेवण म्हणजे नेहमी नव्हे. बीबीनं विचारलं, नेहमी म्हणजे किती दिवस? मी पुस्तक उघडलं. त्यात दिवस दिलेले नाहीत. बीबी म्हणाली, “शिकलेली मानसं लिवतात पर मापं घालत न्हाईत.”

मग मी रोज जात राहिले. बारा तारखेला एकत्र जेवण. तेरालाही एकत्र, आणि मिठावरून दोन्ही सुनांचं कडाक्याचं भांडण. मला जरा धीर आला. पाहुण्यांसारखं गोड वागत असते तर शंका आली असती. आज सकाळी गेले तर उमरभाई आपली शेगडी भिंतीपासून सोडवत होते आणि सालेहभाई सिलिंडर खांद्यावर घेऊन आईच्या खोलीकडे निघाले होते. बीबीची एकशेगडी माळ्यावर गेली होती. थोरली सून म्हणाली, “बाई, आता तरी लिवा. परत खाली काडायला शिडी न्हाई आमच्याकडं.”

मी ॲप उघडलं. सहाही दारं सताड उघडी. भिंत, छप्पर, नळ, गॅस, मुख्य धान्य तांदूळ. नेहमी राहणारी माणसं? तेरा. आणि मग तो प्रश्न आला, कुटुंबप्रमुखाचं नाव.

उमरभाई म्हणाले, “सालेहभाईचं लिवा, थोरला त्यो.” सालेहभाई म्हणाले, “उमरचं लिवा, चूल त्याची.” हा म्हणतो त्याचं, तो म्हणतो याचं, आवाज चढायला लागले. वर्षभर न बोललेली माणसं एकमेकांना मोठेपणा देण्यावरून हमरीतुमरीवर आली. बीबी उठून मधे उभी राहिली.

“मरियमबी लिव,” म्हणाली. “ह्येंचं भांडान पुढच्या मोजनीला मिटंल.”

लिहिलं. मग तिनं मला ते मोठ्यानं वाचायला लावलं. दोनदा. मी माझ्या आजोबांची गोष्ट तिला कधी सांगितली नव्हती, शप्पथ.

उरलेली चार घरं अर्ध्या तासात झाली. सगळे फेब्रुवारीची तालीम म्हणून आत्ताच ‘चाऊस’ ओरडायला लागले. सध्या तो प्रश्नच नाही हे मी सांगितलं, कोणी ऐकलं नाही. पुढच्या बंगल्यात पुण्याहून कोणी पार्टीला आले होते, ते गॅलरीत येऊन बघत होते काय झालंय. त्यांना वाटलं लग्न आहे. बीबीनं त्यांनाही जेवायला बोलावलं. मला मात्र बसता येईना. म्हटलं, मी बसले तर चौदा होतील. बीबी म्हणाली, “पावन्याला कोन मोजतं? बस खाली.” बसले. माझ्या पुढ्यात पहिला घास सालेहभाईंनी सरकवला.

आता तुझ्यासाठी निरोप. सालेहभाई तुझ्याशी बोलत नाहीत. एक वर्ष बोलणार नाहीत, असं त्यांनी सगळ्या अंगणासमोर सांगितलंय, आणि ते तुला कळवायची जबाबदारी माझ्यावर टाकलीय. शिवाय विचारलंय, तू कोणत्या गाडीनं येणार ते लिही. लोणावळा स्टेशनवर न्यायला तेच येणार आहेत.

शालन